गाठ मारता आली म्हणून दवाखान्यात गेलो न्हाय

हे सगळं मी डाव्या हाताच्या अंगठ्यानं टाईप करतोय. चुका असतील तर चालवून घ्या. उजवा हात हाय, पर त्याला आता जास्त कामाला लावत न्हाय. का, तेच सांगायला बसलोय.

मी विनायक. घरात आणि गल्लीत विन्या. आमचं घर वडगावात, खाली माग आणि वर आमी. बेळगावात साड्यांचं काम करणाऱ्या घरांत जन्मलेल्या पोराला मागाचा खडखडाट न्हाय ऐकला तर झोप येत न्हाय, तसा मी. आप्पा, म्हंजे माझे वडील, आणि मी, दोघं मिळून माग चालवतो. आई कांड्यांवर धागा भरून देत्या. आक्का, माझी मोठी बहीण, लग्न होऊन निपाणीला असत्या. झालं, एवढीच माणसं. आणि एक तान्या, दोस्त, जांबोटीचा. डर्ट बाईक त्याचीच.

हे ज्यांचं कुटं तर पडून हात दुखतालाय आणि जाऊ का नको असं चाललंय, त्यांच्यासाठी लिवतोय. बाकीच्यांनी वाचलं तरी चालतंय.

पडलो ते

दिवाळी होऊन गेलती. भात कापून झालतं, वावरं मोकळी पडलेली. तान्यानं जुनी डर्ट बाईक आणलेली आणि त्यानं फोनवर नुसतं "येतोस काय?" म्हणल्यावर मी स्कूटर काढून जांबोटी गाठली. लई भारी गाडी हुती हो! आवाज असा की छातीत वाजतोय. तान्यानं दोन फेऱ्या मारून दाखवल्या आणि मला दिली. म्हणला, "बांधावरनं उडवू नकोस रं. पहिल्यांदा सरळ चालव."

मी बांधावरनं उडवली.

गाडी वर गेली ती झकास गेली. खाली आली ती पुढच्या चाकावर आली, आणि चिखल वरनं सुकलेला, आतनं ओला. चाक रुतलं, मी हँडलवरनं पुढं. पडताना मानसाचा हात आपोआप पुढं जातोय बघा, तसा माझा उजवा तळहात जमिनीवर आपटला. हेल्मेट हुतं म्हणून टाळकं वाचलं. गुडघा सोलला, त्यातनं रक्त. तान्या पळत आला आणि आमी दोघंबी गुडघ्याकडंच बघत बसलो. रक्त दिसतंय तितंच मानूस बघतोय.

"मनगट दुखतंय काय रं?" तान्यानं विचारलं, कारण मी ते धरून बसलेलो.

"जरा मुरगळलंय."

"खानापूरला दवाखान्यात जाऊया चल. माझ्या गाडीवर बस."

"गप रं. एवढ्याला काय दवाखाना."

"सुजलंय बघ."

"ते पयल्यापासनंच तसलं हाय."

आमी हसलो. पहिला निर्णय मी असा घेतला, हसत. आणि मग स्कूटर चालवत घरी आलो. उजव्या हातानं ॲक्सिलेटर पिळायचा असतोय ना, प्रत्येक पिळीला अंगठ्याच्या बुडातनं कळ कोपरापर्यंत जाईत हुती. मी मनात म्हणतालो, उद्या थांबंल.

आमच्या घरातला डॉक्टर

घरात शिरलो तर आईनं कपाळाला हात लावला. "ह्यो काय अवतार रं? म्हशीबरोबर लोळून आलास काय?"

आप्पांनी माग बंद केला न्हाय. माझ्याकडं बघितलं, गुडघा बघितला, मग हात बघितला. हात म्हणल्यावर मात्र माग बंद केला. आमच्यात पाय मोडला तर चालतंय, हात महत्त्वाचा.

आता हे तुमाला सांगायला पायजे, कारण सगळं हितंच फसलं. मागावर उभा धागा तुटला की त्याला गाठ मारावी लागत्या. दोन बोटांत दोन टोकं धरायची, अंगठ्यानं फिरवायची, ओढायची. बारीक गाठ, साडीत दिसली नाय पायजे. आमच्या घरात कुणाच्याबी हाताला लागलं की पहिली परीक्षा हीच. आज्ज्याचं बोट कापलं तवा हीच, आईचा हात पट्ट्यात सापडला तवाबी हीच. गाठ मारता आली तर हात शाबूत. न्हाय आली तर दवाखाना. एवढा साधा हिशेब, आणि आजपर्यंत तो कधी चुकला नव्हता.

आप्पांनी मागावरनं धागा तोडला, दोन टोकं माझ्या हातात दिली. "मार बघू."

मी मारली. एका झटक्यात, न बघता. दुखलं, पर बोटं चालली.

आप्पांनी गाठ नखानं ओढून बघितली. "हं. हात शाबूत हाय. तेल लावून शेक गं त्याला."

आई म्हणली, "एक फोटो तर काढून आणा की हो." फोटो म्हंजे एक्स-रे.

"गाठ मारतोय की गं पोरगं! फोटो काढून काय भिंतीला लावतीस?"

आईनं तेल गरम करायला ठेवलं. आणि मी काय केलं माहिताय? मी खूश झालो. लग्नसराईच्या साड्या अंगावर हुत्या, आप्पांना एकट्याला सोडायचं नव्हतं, हे खरं. पर त्याहून खरं हे की प्लास्टर घातलं तर पुढच्या आयतवारी जांबोटीला जाता आलं नसतं. दुखतंय किती हे आप्पांना मी पुरतं सांगितलंच न्हाय. त्यांनी विचारलं ते गाठीबद्दल, मी उत्तर दिलं ते गाठीबद्दल.

नंबर लावून परत आलो

सूज आठवड्यात गेली. दुखणं गेलं न्हाय. म्हंजे गप बसलं की गेल्यासारखं वाटायचं, आणि दरवाजा ढकलला, भरलेली बादली उचलली, खुर्चीला रेटून उठलो की परत. मग मी काय केलं, दरवाजा खांद्यानं ढकलायला लागलो. बादली डाव्या हातात. खुर्चीतनं उठताना डाव्या बाजूनं. आपलं शरीर लई हुशार असतंय, दुखणं लपवायला आपल्यालाच मदत करतंय. काम चाललेलं. गाठी चाललेल्या. आप्पा अधनंमधनं विचारायचे, "हात कसा हाय?" मी म्हणायचो, "बरा हाय की."

संक्रांतीच्या सुमारास एकदा माझा मीच हाडांच्या डॉक्टरकडं गेलो. खरंच गेलो. नंबर घेतला, बाकावर बसलो. माझ्या शेजारी काकती गावचे एक आजोबा, पडून खांदा निखळलेला, हात गळ्यात बांधलेला, घामानं भिजलेले. समोर एका बाईच्या पायात लोखंडी सळ्या. एक पोरगं रडतालं. आणि त्यांच्या मधी मी, दोन्ही हात मोकळे, मोबाईलवर रील बघत. तेवढ्यात मनगट अजिबात दुखेना. दवाखान्यात गेलं की दुखायचं थांबतंय, हे तुमचंबी हुतं काय?

आजोबांनी विचारलं, "तुला काय झालंय बाळ?"

"मनगट जरा लचकलंय."

"कवा?"

"झाले दोन महिने."

आजोबांच्या बरोबरची सून हसली. वाईट न्हाय, सहज. म्हणली, "दोन महिने झाले म्हंजे बरंच झालं की."

मला लाज वाटली. माझा नंबर त्यांच्या आधी हुता. मी तो आजोबांना दिला आणि बाहेर आलो. वाटेत उसाचा रस प्यालो. स्वतःला लई मोठ्या मनाचा समजत घरी आलो. आजोबांच्या नंतर बसलो असतो तरी चाललं असतं, हे डोक्यातच आलं न्हाय. का बसलो न्हाय, हे मी आजपण स्वतःला विचारतोय आणि उत्तर एवढंच येतंय की मला जायचंच नव्हतं, फक्त जाऊन आलो असं वाटून घ्यायचं हुतं.

निपाणी

मार्चात आक्काच्या पोराचा पहिला वाढदिवस. लग्नसराईचं काम अंगावर, म्हणून आई-आप्पा घरीच ऱ्हायले, मी आदल्या दिवशीच निपाणीला गेलो, फुगे फुगवायला. केक कापायच्या वेळी आक्कानं बाळ माझ्याकडं दिलं. "धर मामा." मी दोन्ही हातांनी घेतलं, आणि उजव्या हातातनं सगळी ताकदच गेली. कळ अशी आली की बाळ घसरलं. दाजींनी खालनं झेललं. बाळाला गंमत वाटली, ते हसलं. बाकी कोण हसलं न्हाय.

आक्का मला आत घेऊन गेली. "हात दाव."

"काय न्हाय गं."

"दाव म्हणलं न्हवं!"

तिनं अंगठ्याच्या बुडाशी जो खळगा पडतोय ना, अंगठा ताणला की दिसतोय तो, तितं बोट दाबलं. मी वरडलो. बाहेर गाणी चाललेली ती कुणीतरी बारीक केली.

"फोटो काढलायस?"

"आप्पांनी गाठ मारून बघाय लावली, आली की मला."

"गाठ!" आक्का म्हणली. एवढंच. मग बाहेर जाऊन दाजींना म्हणली, "केक नंतर कापा. ह्याला घेऊन जावा. आत्ता."

डोक्याला वाढदिवसाची टोपी तशीच, दाजींच्या गाडीवर मागं बसून गेलो. दवाखान्यातल्या नर्सनं सांगितल्यावर काढली.

डॉक्टरांनी फोटो कॉम्प्युटरवर लावला. मनगटात लहान लहान हाडं असत्यात, त्यातलं एक काजूएवढं. ते मधनं दोन झालेलं. मला पण दिसलं. कुणालाबी दिसलं असतं. आणि एक तुकडा दुसऱ्यापेक्षा पांढरा.

"ह्यो चांगला हाय काय, पांढरा?" मी विचारलं. खरंच असं विचारलं मी.

डॉक्टर म्हणले, "नाही. त्याला रक्त पोचत नाही. या हाडाला एका बाजूनंच रक्त मिळतं. तुटलं की पलीकडचा तुकडा उपाशी राहतो."

मी गाठीचं सांगितलं. डॉक्टर हसले न्हाय. म्हणले, "गाठ बोटं मारतात. तुझी बोटं चांगलीच आहेत. मनगटाला कुणी विचारलंच नाही."

आक्कानं दवाखान्यातनंच आप्पांना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. मागं मागाचा आवाज. आक्का सांगत गेली, हाड मोडलंय, जुनं झालंय, ऑपरेशन लागंल. मग एक माग बंद झाल्याचं ऐकू आलं. मग दुसरा. मग सगळं घर गप. आमच्या घरात दुपारच्याला एवढं गप मी कधी ऐकलं नव्हतं.

"येतो," आप्पा म्हणले.

आले ते कामाच्या कपड्यावरच, केसात कापूस. डॉक्टरांच्या समोर उभे ऱ्हायले, बसा म्हणलं तरी बसले न्हाईत. एकच विचारलं, "आदी आणलं असतं तर?"

डॉक्टर म्हणले, "आता पुढचं बघूया, काका."

वॉर्ड

ऑपरेशन बेळगावात झालं. कमरेचं जरासं हाड काढून मनगटात भरायचं आणि एक स्क्रू. मी डॉक्टरांना म्हणलो, "म्हंजे मागाचीच दुरुस्ती की, हितला भाग काढून तितं." ते म्हणले, "तसंच." मग मला जरा बरं वाटलं. भीती वाटली की मी जास्त बडबडतो. त्या दिवशी स्ट्रेचरवाल्याशी पण बोललो, लिफ्टवाल्याशी पण.

सकाळपासनं उपाशी ठेवलेलं. ढकलगाडी घेऊन येणारे मामा प्रत्येक कॉटला विचारायचे, "ऊटा आयता?" जेवण झालं काय, म्हणून. मला पण विचारलं. मी म्हणलो, "इल्ला मामा, आज उपास." ते म्हणले, "देवाचा?" मी म्हणलो, "डॉक्टरांचा."

खांद्यात सुई मारून हात बधीर केला. तुमाला कधी केला तर घाबरू नका. हात असतोय पर आपला नसतोय. ऑपरेशन होऊन वॉर्डात आणलं तवा माझ्या पोटावर काहीतरी जड पडलेलं, मी आईला म्हणलो, "हे काय ठेवलंस, काढ की." ती म्हणली, "तुझाच हात हाय रं." आणि रडायला लागली. मी हसवायला बघितलं, जमलं न्हाय.

आई त्या दिवसांत आप्पांशी बोलत नव्हती. बोलायची ते माझ्याकडनं. "त्यांना सांग, डबा आणलाय." आप्पा तितंच उभे. एकदा संध्याकाळी तिचा बांध फुटला. प्लास्टरमधनं बाहेर आलेली माझी बोटं बघून म्हणली, "द्या की आता धागा हातात! मारून बघा म्हणा की गाठ!" सगळ्या वॉर्डानं ऐकलं. आप्पा व्हरांड्यात गेले.

मी आईला म्हणायला पायजे हुतं की दुखतंय किती हे मी लपवलं. म्हणलो पण, दुसऱ्या दिवशी. एक दिवस उशिरा. मला सगळंच एक दिवस उशिरा सुचतंय.

तान्या जांबोटीहनं केळ्याचा घड घेऊन आला. आईनं बघितल्या बघितल्या, "आलास व्हय? तुझी ती गाडी न्हेऊन जाळ पहिल्यांदा!"

तान्या केळी तशीच धरून उभा. "काकी, मी त्याला तवाच म्हणलतो, दवाखान्यात जाऊया म्हणून."

आईनं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. तिनं केळ्याचा घड तान्याच्या हातातनं घेतला. मग म्हणली, "बस. चा पितोस?"

बऱ्या गोष्टी पण हुत्या, त्या सांगतो. आप्पांनी मला जन्मात कधी भरवलं नव्हतं. वॉर्डात भरवायचे. घास एवढे मोठे की तोंड बंद हुईना, आणि मी चावतोय तवर पुढचा तयार. शेजारच्या कॉटवरचा मच्छे गावचा कंपनीवाला, त्याचा पाय मोडलेला, तो म्हणायचा, "मामा, पोराला भरवताय का पोतं भरताय?" आप्पा तवा हसायचे. तेवढंच हसायचे. बाकी वेळ जो भेटंल त्याला विचारायचे. नर्सला. ढकलगाडीवाल्या मामांना. त्या कंपनीवाल्याला. "आदी आणलं असतं तर, ह्याचा हात वाचला असता न्हवं?" प्रत्येकजण म्हणायचा, ते आता कशाला काढताय.

आता

प्लास्टर निघालं तवा आतनं दुसऱ्याचाच हात निघाला. बारीक, पांढरा, केस वाढलेले. हाड जुळलं, पर पुरतं न्हाय. त्या उपाशी तुकड्यात पुरता जीव आला न्हाय. मनगट पुढं वाकतंय ते निम्मंच, मागं त्याहून कमी. गाठी मारतो, त्या येतात. पर उभ्या धाग्यांचा जड रूळ मागावर चढवायचं काम आता मला जमत न्हाय, आप्पा शेजारच्याला हाक मारत्यात. जमिनीवर हात टेकून उठता येत न्हाय. स्कूटर लांब चालवली की रात्री ठणका लागतोय. भाच्याला बसूनच घेतो मांडीवर.

तुमाला सांगायचं ते एवढं. तळहातावर पडला असाल आणि अंगठ्याच्या बुडातल्या त्या खळग्यात दाबल्यावर दुखत असंल, तर फोटो काढा. सूज असू दे नसू दे. मला डॉक्टरांनी सांगितलं की पहिल्या फोटोत कधी कधी दिसत पण न्हाय, म्हणून दुखत ऱ्हायलं तर दहा-पंधरा दिसांनी परत काढायचा. आणि दवाखान्यात बाकावर बसल्यावर शेजारच्याला जास्त लागलंय म्हणून उठून येऊ नका. त्याला जाऊ द्या पहिल्यांदा, पर तुमी बसा.

गेल्या महिन्यात शेवटचं दाखवायला गेलो, आप्पा बरोबर. मोठे डॉक्टर नव्हते, त्यांच्या हाताखालचे तरुण डॉक्टर हुते, ते इंग्लिशमधीच बोलतात. सगळे कागद बघितले, मग मला विचारलं, पडल्यावर पहिल्यांदा कधी दाखवलं. मी सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि म्हणले, पहिल्या दोन आठवड्यात आला असतास तर बहुतेक नुसत्या प्लास्टरवर भागलं असतं, ऑपरेशनच लागलं नसतं, हात पहिल्यासारखा झाला असता. रागानं न्हाय म्हणले. साधं म्हणले, जसं बस चुकली म्हणतात तसं.

आप्पांना इंग्लिश येत न्हाय. पर ते माझ्या तोंडाकडं बघतालते.

"काय म्हणले रं?"

डॉक्टर कॉम्प्युटरमधी बघत हुते. मी म्हणलो, "म्हणले, आदी आणलं असतं तरी ऑपरेशन लागलंच असतं. हाडच तसलं असतंय."

"व्हय?"

"व्हय."

"असं म्हणले?"

"व्हय आप्पा."

बाहेर आल्यावर आप्पा समोरच्या गाड्यावर गेले, दोघांना चहा सांगितला आणि मिरची भजी. इतक्या महिन्यांत त्यांनी स्वतःहून काय तर खायला मागितलं ते तवाच. भजी खाता खाता त्यांनी आईला फोन लावला. बाजारात बोलतात तसं मोठ्यानं. "ऐकलीस काय? डॉक्टरच म्हणले! आदी आणलं असतं तरी व्हायचं ते झालंच असतं! विन्याला इचार की, हितंच हाय!" आणि फोन माझ्याकडं केला.

मी डाव्या हातानं घेतला आणि आईला सांगितलं, व्हय, असंच म्हणले.